भागोजीच्या वळणावरची ट्रॉली

सावर्ड्याला एसटीतून उतरला तेव्हाच काशीराम दमलेला होता. तसा तो घरून निघतानाही दमलेलाच होता, आणि खरं सांगायचं तर गेली चार-पाच वर्षं तो झोपून उठायचा तोही दमलेलाच. वय साठीला टेकलं होतं, पण हा शीण नुसता वयाचा नव्हता. गावात जो मागे उरतो त्याच्या गळ्यात सगळंच पडतं. देवळाची कौलं कोण परतणार? काशीराम. तालुक्याला कागद कोण पोचवणार? काशीराम. कोणाच्या बंद घराची भिंत पावसात खचली तर टेकू कोण लावणार? तोही काशीरामच. आंबवखोलचे बाकी कर्ते पुरुष मुंबईला होते आणि तिथून गावावर जीव टाकत होते. लांबून जीव टाकायला फारसं काही लागत नाही. एक आंतर्देशीय पत्र पुरतं.

आजचं काम ट्रॉलीचं होतं. आदल्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, मुंबईच्या ग्रामविकास मंडळानं सरकारी अनुदानातून गावाला सामाईक पॉवर टिलर घेतला. टिलर आपल्या चाकांवर चालत कुठेही जातो, त्याचं काही नाही. पण त्याच्यामागचा बारदाना चालत नाही. चिखलात घालायची जाळीची लोखंडी चाकं, नांगराचा फाळ, पाण्याचा पंप, भात झोडायचं यंत्र, हे सगळं खालच्या वाडीत देवळाजवळच्या पडवीत पडलेलं असायचं. वरची वाडी चढावर. तिथं अकरा घरं आणि धडधाकट पुरुष म्हणाल तर दोन, काशीराम आणि सदू. मग ते लोखंड बायकांच्या डोक्यावरून वर जायचं.

गेल्या आषाढात काशीरामच्या बायकोनं, तुळसानं, ती दोन्ही चाकं दोन खेपांत वर नेली. एकेक चाक पाऊण मणाचं. दुसऱ्या खेपेला चढावावर तिच्या मानेत काहीतरी कट्‌ झालं. तेव्हापासून तिला मान वळवता येत नसे. मागून हाक मारली की ती अख्खी वळायची, पायांसकट. तिनं कधी तक्रार केली नाही, पण तिला तशी वळताना पाहिलं की काशीराम नजर दुसरीकडे फिरवायचा. पुढच्या आषाढाच्या आत ट्रॉली वरच्या वाडीत चढली पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्याला या सगळ्या खटाटोपातून हवी होती. पाठ टेकायला मिळेल न मिळेल, पण तिच्या डोक्यावर पुन्हा लोखंड द्यायचं नाही.

म्हणून त्यानं वाट मोजून आणली होती. वरच्या वाडीला जाणारी पाणंद बाकी ठिकाणी ऐसपैस होती, अडचण एकाच जागी होती. भागोजीच्या वळणावर एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला भागोजीच्या घरालगतच्या परड्याचा गडगा, जांभ्या दगडांचा सुटा रचलेला, छातीइतका उंच. तिथं काशीरामनं आदल्या दिवशी सुंभाची दोरी वाटेत आडवी धरून रुंदीला गाठ मारली होती. घरी येऊन फूटपट्टीनं मोजलं तर साडेचार फूट.

महिपत वर्कशॉपच्या दारात उभाच होता. हा मंडळाचा चिटणीस, खालच्या वाडीतला, मुंबईला गोदीत कामाला. रातराणीनं पहाटे उतरला होता आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघणार होता. पायात बूट, हातात रेक्झिनची बॅग, आणि बोलण्यात मंडळाच्या बैठकीचा सूर.

"ये काशीदादा. चहा घेतलास? चल, आधी माल बघू. मला टाइम नाहीये."

हायवेला लागूनच पत्र्याची शेड होती. रघू नावाचा वेल्डर ट्रॉल्या, गेटं, विहिरीचे रहाट असलं सगळं बनवायचा. अंगणात दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. एक रुंद, चांगली सहा फुटी. तिला जुन्या जीपची चाकं, खाली हादरे झेलणारे पाटे, बाजूला उंच फाळके, ताजा निळा रंग. दुसरी चार फुटी, ठेंगणी, रंगही न लावलेली. तिला पाटे नव्हते. दाभोळकडच्या एका बागायतदारानं नारळ-सुपारीच्या बागेतून फिरवायला म्हणून सांगून करून घेतली होती आणि मग तो न्यायलाच आला नव्हता.

महिपतनं निळ्या ट्रॉलीच्या फाळक्यावर थाप मारली. "हीच. बघायचं काय त्यात? माणसं बसली तर वीस बसतील. भजनी मंडळ जाईल, वऱ्हाड जाईल."

 काशीराम आधी ठेंगण्या ट्रॉलीकडे गेला, खाली वाकून आसाला हात लावला, वेल्डिंगच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. मग पुढचा दांडा उचलून बघितला. एकट्याला उचलला. नंतर निळ्या ट्रॉलीचा दांडा धरला तर तो वीतभर वर आला आणि हातातून सुटला.

"ह्येला दोन मानसं लागतील रं टिलराक जोडाया," तो म्हणाला. "आनि वाडीत दोनच हायत. येक टिलरावर बसल."

"काका बरोबर बोलत्यात," रघू हातातला चिमटा खाली ठेवत म्हणाला. "पन बारकी गाडी हादरे लय देते, आधीच सांगतो. पाटे नायत. यंत्र बांधून न्यावं लागंल."

"बांदू," काशीराम म्हणाला. त्यानं खिशातून सुंभ काढलं, टोक रघूच्या हातात दिलं आणि दोघांनी ते आधी एका ट्रॉलीवर, मग दुसरीवर धरलं. ठेंगणीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळं राहत होतं. निळीच्या चाकांपलीकडे गाठ पोचतच नव्हती.

"हे काय आहे?" महिपतनं विचारलं.

"भागोजीच्या वळनाची रुंदी. साडेचार फूट. तेच्यावर बोटभर नाय."

महिपत मोठ्यांदा हसला. रघूच्या दोन गिऱ्हाइकांनी मान वळवून पाहिलं.

"काशीदादा, काय बोलतोस तू! वीस वर्षं मी त्या वळणावर पालखी नाचवतोय. आठ माणसं इकडून, आठ तिकडून, मध्ये पालखी गरागरा फिरते, बाजूला ढोलवाले, तरी जागा उरते. नऊ-दहा फूट तरी असेल. आणि तू म्हणतोस साडेचार?"

"सायेब, मोजलंत काय कधी?" रघूनं विचारलं.

"मोजायचं काय त्यात? नाचलोय की!"

आता इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण महिपत खोटं बोलत नव्हता. त्यानं जे पाहिलं होतं तेच तो सांगत होता. शिमग्याला ते वळण खरंच दहा फुटी असायचं, कारण काशीराम ते दहा फुटी करायचा. पालखीची लांब दांडी त्या वळणावर फिरायची नाही, म्हणून पौर्णिमेच्या तीन दिवस आधी तो भागोजीचा पंधरा हात गडगा एकेक दगड करून उतरवायचा. नाचणाऱ्यांच्या पायाला दगड लागू नयेत म्हणून परड्यात पाच-सहा फूट आत नेऊन ते ओळीनं रचायचा. बघणाऱ्याला वाटावं की गडगा कायमचा तिथंच आहे. जमीन सारखी करायची, वर पाणी मारायचं. चाकरमानी यायचे ते होळीच्या आदल्या दिवशी आणि पालखी घरोघर फिरून देवळापुढच्या चौथऱ्यावर, सहाणेवर, परतली की जायचे. त्यांची शेवटची गाडी गेली की काशीराम तोच गडगा पुन्हा जागच्या जागी उभा करायचा, नाहीतर उनाड गुरं भागोजीच्या मिरचीत शिरली असती. उतरवायला दोन दिवस, रचायला तीन. गणपतीत येणारे वाट अरुंद बघायचे आणि म्हणायचे, पावसानं रान वाढलंय.

हे काम त्याचा बाप करायचा. बापानं कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून यानंही सांगितलं नाही. भागोजीला, तुळसाला आणि त्या वाटेनं जाणाऱ्या वरच्या वाडीतल्यांना ठाऊक होतं, मुंबईकरांना नाही. आणि गंमत अशी की काशीरामला गावच्या सगळ्या कामांचा वीट आला होता, पण याचा नव्हता. ते पाच दिवस तो पहाटे, चहाही न घेता निघायचा. कंबर धरायची, बोटं सोलवटायची, पण सांजेला तो घरी यायचा तो वेगळाच माणूस होऊन. गावातलं हे एकच काम होतं जे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

ते सावर्ड्याच्या हायवेवर, दोन अनोळखी गिऱ्हाइकांसमोर, एका ट्रॉलीपायी उघडं करायचं त्याच्या जिवावर आलं. देवाची केलेली सेवा आपणच बोलून दाखवायची म्हणजे ओशाळवाणं. त्यानं सुंभ गुंडाळून खिशात टाकलं.

महिपतला वाटलं, म्हातारा वरमला. त्यानं बॅगेतून एक कागद काढला. "आणि हे बघ, देणगीदारांची नावं. तेवीस आहेत. फाळक्यावर रंगवायची. त्या बारक्या ट्रॉलीवर तेवीस नावं बसतील का? अध्यक्षांचं आणि माझं नाव जरा मोठ्या अक्षरात आहे, ते निराळंच."

"बारकीवर आठ बसतील," रघू प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग झालं तर. हीच बांध."

"महिपत," काशीराम हळू म्हणाला, "नावं खालच्या वाडीत फिरतील रं. पंप वर जायाचा नाय."

"का नाही जायचा?"

"वळनावर अडंल."

महिपतच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो काशीरामकडे बघत राहिला आणि मग एकदम त्याला काहीतरी उलगडल्यासारखं झालं. "अच्छा! म्हणजे वाट अरुंद झालीय. शिमग्याला दहा फूट होती आणि आता साडेचार. मग सरळ आहे. भागोजीनं गडगा पुढं सरकवला! म्हातारा हाडकला तरी हाव सुटली नाही. पालखीची वाट खाल्लीन! थांब, मी आजच अध्यक्षांना सांगतो. मंडळातर्फे नोटीस पाठवतो त्याला. ग्रामपंचायतीला पण कळवतो."

"भागोजीन काय नाय केलान," काशीराम म्हणाला.

"मग गडगा काय आपोआप चालत आला?"

भागोजी पंचाहत्तरीचा. त्याला डोळ्यानं कमी दिसायचं. आपल्या परड्याचा गडगा दर वर्षी कोणीतरी पाडतो यावर त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, उलट उतरवणाऱ्याला दोन्ही वेळचा चहा दिला होता. त्याच्या दारात नोटीस चिकटणार, आणि शिमग्याला सगळं गाव त्याच्याकडे वाटचोर म्हणून बघणार. काशीरामला आता गप्प बसायची सोयच उरली नाही.

"मी उतरवतो तो," तो म्हणाला. "शिमग्याच्या अगोदर. तुमी गेल्यावर परत रचतो. तीस वर्सां झाली. अगोदर बापूस करी."

महिपतला कळायला वेळ लागला. "कसला उतरवतोस?"

"गडगा. पंदरा हात. दगड आत न्हेऊन ठेवतो, तुमाला वाटतं गडगा थयच हाय. पालखी फिराया नको काय?"

रघूच्या हातातली विडी तशीच राहिली.  महिपतनं बॅग खाली ठेवली, रुमालानं मान पुसली, आणि एक क्षणभर, अगदी खरोखर, त्याचा चेहरा पडला. वीस वर्षं ज्या जमिनीवर आपण अनवाणी नाचलो ती कोणीतरी हातानं साफ करून ठेवली होती, हे त्याच्या मनाला लागलं असावं. काशीरामनं मान खाली घातली. महिपत काय म्हणेल याची त्याला भीतीही वाटत होती आणि, लपवायचं कशाला, थोडी आसही वाटत होती.

"अरे, मग सोप्पंच झालं की!" महिपत म्हणाला. त्याचा चेहरा पुन्हा खुलला होता. "उतरवायची सवय तुला आहेच. ट्रॉली वर न्यायची असेल तेव्हा उतरवायचा, परत आली की रचायचा. उगाच एवढं घोडं अडवून ठेवलंस!"

काशीराम त्याच्याकडे बघतच राहिला. राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात बळ लागतं. त्याला फक्त आतून रितं वाटलं. बाजूला लोखंडाचा ढीग होता, त्यावर तो बसला. वर्षातून पाच दिवस अंगाला लागायचे ते आता आठवड्याला पाच दिवस होणार होते, आणि तेवढं करून सुद्धा निळ्या ट्रॉलीचा दांडा त्याला एकट्याला उचलता येणार नव्हता.

रघूनं पावतीचं पुस्तक आणि अनुदानाचा अर्ज पुढं केला. "सही कुनाची?"

"ह्याची," महिपत म्हणाला. "टिलर ह्याच्या नावावर आहे. अर्जदार गावात राहणारा शेतकरी लागतो म्हणून."

काशीरामनं पेन हातात घेतलं. कागदावर ट्रॉलीचं माप लिहायची जागा कोरी होती. त्यानं ती वाचली. तो चौथी शिकला होता, वाचायला वेळ लागायचा, पण वाचायचा सगळं.

"हितं चार फूट लिव," तो रघूला म्हणाला.

"काशीदादा!"

"चार फूट लिव. नायतर मी सई करनार नाय. महिपत, तू र्‍हातोस मुंबईत. तुजी सई चालत नाय. मला कंटाळा आला रं. तुमी सांगता आनि मी करतो, ह्येचा कंटाळा आला. पन ही गाडी मला हाकायाची हाय. माज्या बायकोची मान ग्येली. सोळा मानसं नाचली म्हनून पंप वर चडत नाय."

एवढं लांब तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला धाप लागली. महिपतनं घड्याळ बघितलं, रस्त्याकडं बघितलं, देणगीदारांच्या कागदाची घडी घातली. अनुदानाचा अर्ज महिनाअखेर तालुक्याला पोचायला हवा होता आणि त्याची गाडी साडेपाचला होती.

"मी बैठकीत काय सांगू?"

"सांग, काशीरामान हट केलान."

रघूनं चार फूट लिहिलं. काशीरामनं एकेक अक्षर सुटं काढत सही केली.

आठ दिवसांनी ट्रॉली गावात आली. सदूनं ती टिलरला जोडली, मागं पंप आणि दोन्ही लोखंडी चाकं दोरखंडानं आवळून बांधली, आणि खडखडाट करत ती पाणंदीनं वर निघाली. हादरे ती खरंच फार देत होती. भागोजीच्या वळणावर काशीराम पुढं चालत हात करत होता. एका अंगाला दरड, एका अंगाला गडगा, आणि मधून ट्रॉली दगडालाही न घासता निघून गेली. भागोजी आपल्या दारात कान देऊन बसला होता. "ग्येली काय रं?" त्यानं विचारलं. "ग्येली," काशीरामनं सांगितलं. वर तुळसा खळ्याच्या कडेला उभी होती. तिनं लोखंडी चाकं ट्रॉलीतून उतरताना पाहिली आणि पदरानं तोंड पुसून ती आत चहा ठेवायला गेली. त्या दिवशी काशीराम दुपारी झोपला तो दिवेलागणीला उठला.

मग माघ सरला आणि फाल्गुन लागला. पौर्णिमेला चार दिवस होते. सांजेला काशीराम खळ्यात बसून पहारेला धार लावत होता, उद्या पहाटे वळणावर जायचं होतं. तेवढ्यात पोस्टमन पाकीट देऊन गेला. वर मंडळाचा शिक्का होता. आत टाइप केलेला कागद होता, तो काशीरामनं एकेक शब्द लावत वाचला.

"ठराव क्रमांक सात. शिमगोत्सवात पालखीच्या सोयीसाठी श्री. भागोजी यांच्या वळणावरील गडगा उत्सवापूर्वी उतरवण्याची व उत्सवानंतर पुन्हा रचण्याची जबाबदारी श्री. काशीराम गोताड यांच्यावर सर्वानुमते सोपवण्यात येत आहे. काम वेळेत पूर्ण झाल्याचे मंडळास पत्राने कळवावे."

खाली अध्यक्षांची आणि महिपतची सही होती.

"काय लिवलंनी?" तुळसानं दारातून विचारलं.

"गडगा उतरव म्हनतात."

"मग? तुमी उद्या जानारच व्हतात ना?"

"व्हय," काशीराम म्हणाला.

 तो कागदाकडे बघत होता. मग त्यानं तो दुमडून मंडळाच्या बाकी कागदांच्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला जाग आली, पण तो उठला नाही. उन्हं अंगणात आली. तुळसानं चहा दिला, तो त्यानं प्यायला. भाकरी दिली, ती खाल्ली. दहाच्या सुमाराला खालून भागोजीची हाक आली, "काशीराम, येनार नायस काय रं आज?" तेव्हा तो उठला. पहार खांद्यावर घेतली आणि मंडळाच्या दुसऱ्या कुठल्याही कामाला निघायचा तसा, पाय ओढत, वळणाकडे चालू लागला.